द्राक्षाच्या पेटीमागचा ‘डायरीवाला’ : कम्प्लायन्स ऑफिसर नेमकं करतो काय?

दिंडोरी (वार्ताहर) : आपल्याकडं द्राक्षाच्या हंगामात मोटरसायकलवर एक पोरगा बागेत येतो. पाठीला बॅग, हातात टॅब नाहीतर फायली. घड बघायच्या आधी तो फवारणीची डायरी मागतो, मग औषधांची खोली उघडायला लावतो, रिकाम्या बाटल्या कुठं टाकल्या ते विचारतो. शेतकरी त्याला ‘डायरीवाला’ म्हणतात, काही जण ‘कंपनीचा फौजदार’ पण म्हणतात. त्याच्या ओळखपत्रावर मात्र लिहिलेलं असतं, कम्प्लायन्स ऑफिसर.

सरळ मराठीत सांगायचं तर नियमपालन बघणारा माणूस. सरकारचा कायदा, परदेशी खरेदीदाराच्या अटी आणि कंपनीनं स्वतः लिहून दिलेलं, हे तिन्ही प्रत्यक्षात पाळलं जातंय का ते बघायचं, पाळलं जात नसेल तर वेळेत सांगायचं आणि पाळल्याचा पुरावा कागदावर तयार ठेवायचा. बँकेत असा अधिकारी असतो, औषध कंपनीत असतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला तर सेबीच्या नियमानं तो नेमावाच लागतो, आणि तोही शिकलेला कंपनी सेक्रेटरीच लागतो. पण आपल्या तालुक्यात हे पद आलं ते द्राक्षामुळं, म्हणून द्राक्षावरूनच समजून घेऊ.

२०१० साली काय झालं होतं

जुन्या बागाईतदारांना हे साल सांगायला लागत नाही. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षात त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आपण त्याला ‘सीसीसी’ म्हणतो. वेलीची वाढ आवरायला खरड छाटणीनंतर ते मारायची पद्धत होती. म्हणजे उन्हाळ्यात मारलेलं औषध, आणि फळ तोडायचं पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चला. कुणाला वाटेल, इतक्या महिन्यांनी काय राहणार? पण ते वेलीत राहिलं आणि फळात उतरलं.

खरी गंमत, गंमत कसली, दुर्दैव असं की आपल्याकडचे लॅबचे रिपोर्ट चांगले होते. कारण त्या वेळी तपासायच्या औषधांच्या यादीत हे रसायन नव्हतंच. जे शोधलंच नाही ते रिपोर्टमध्ये येणार कसं? तिकडच्या लॅबनं शोधलं आणि त्यांना सापडलं. माल बंदरात अडकला, सुपरमार्केटवाल्यांनी हात आखडता घेतला, भाव कोसळले. शेतकऱ्यांचे पैसे निर्यातदाराकडं अडकले आणि निर्यातदारांचे तिकडं. त्यानंतर ते रसायन यादीत आलं आणि निर्यातदारांच्या ध्यानात आलं की नुसता लॅबचा कागद जवळ असून भागत नाही, बागेत वर्षभर काय मारलं जातंय हे माहीत असणारा स्वतःचा माणूस पाहिजे.

तसं बघितलं तर व्यवस्था त्याच्या आधीपासून होती. अपेडानं द्राक्षासाठी अंश तपासणीची योजना आणलेली होती, २००६ पासून ‘ग्रेपनेट’ सुरू होतं. आता ते ‘हॉर्टीनेट’चा भाग आहे. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी विभागाकडं नोंदवायची, तिला नंबर मिळतो आणि तोच नंबर शेवटपर्यंत मालाबरोबर जातो. २०१० नंतर फरक पडला तो या व्यवस्थेकडं बघण्याच्या नजरेत.

०.०१ म्हणजे किती?

युरोपियन युनियननं औषधवार मर्यादा ठरवल्या आहेत. एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तर सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. हा आकडा कानावर पडतो, पण डोक्यात शिरत नाही. एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात. त्यातला एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, म्हणजे दहा कोटी भागात एक भाग. वेगळ्या हिशेबानं सांगतो. शंभर टन द्राक्षात मिळून एक ग्रॅम. एका कंटेनरमध्ये साधारण तेरा-चौदा टन माल बसतो असं धरलं तर सात-आठ कंटेनरमध्ये मिळून एक ग्रॅम औषध, एवढ्यावर मर्यादा येऊन थांबते.

हे कळलं की डायरीवाला ब्लोअरची टाकी धुतली का म्हणून का मागं लागतो ते कळतं. काल टोमॅटोवर मारलेलं औषध टाकीच्या तळाला आणि नळीत राहिलं आणि आज तीच टाकी द्राक्षात फिरली, तर तेवढं पुरतं. शेजारच्या कांद्यावरून वाऱ्यानं आलेला फवारा पण पुरतो. आपण औषध मारलंच नाही, हे शेतकरी शपथेवर सांगतो आणि ते खरंही असतं, तरी रिपोर्टमध्ये नाव येतं. अशा वेळी कारण शोधून काढणं हे ऑफिसरचं काम आहे. बांध कुणाचा, पंप कुणाचा, मजूर कुणाकडून आला होता, दुकानदारानं ‘जैविक’ म्हणून काय गळ्यात मारलं, इथपर्यंत जावं लागतं. जैविक किंवा टॉनिक म्हणून विकलेल्या बाटलीत रासायनिक औषध मिसळलेलं असल्याच्या तक्रारी आपल्या भागात नव्या नाहीत. म्हणून तो पक्कं बिल आणि बाटलीवरचा बॅच नंबर मागतो. बिल नसेल तर दुकानदाराला धरायचं कशावर?

डायरी, आणि एका रात्रीत लिहिलेली डायरी

ऑफिसरचं वर्ष ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून सुरू होतं. कुठला प्लॉट कुठल्या तारखेला छाटला, त्यावरून तोडणी कधी येणार याचा अंदाज बांधला जातो. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामात औषधांची यादी काढतं. बोलीभाषेत सगळे तिला ‘ॲनेक्सर फाइव्ह’ म्हणतात. द्राक्षावर कुठलं औषध मंजूर आहे, प्रमाण किती आणि शेवटची फवारणी व तोडणी यात किती दिवस ठेवायचे, हे त्यात असतं. या दिवसांना पीएचआय म्हणतात. ऑफिसर डायरीतली प्रत्येक फवारणी या यादीशी लावून बघतो.

पेच पडतो तो जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी आला की. डावणी, भुरी डोक्यावर, माल तयार व्हायला दोन-तीन आठवडे. शेतकऱ्याला बाग वाचवायची असते. जे औषध मारलं तर रोग थांबेल, त्याचे दिवस भरत नाहीत. त्या दिवशी फोनवर सल्ला मागणारा शेतकरी आणि पलीकडं ऑफिसर, या दोघांत जे बोलणं होतं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. यादीत कमी दिवसांचं काय आहे, तोडणी आठ दिवस पुढं ढकलता येईल का, नाहीतर हा प्लॉट लोकल मार्केटला काढायचा का, हे तिथल्या तिथं ठरवावं लागतं. निर्यातीचा आणि लोकलचा भाव यात जो फरक असतो, तो त्या एका निर्णयावर शेतकऱ्याच्या खिशातून जातो किंवा राहतो. त्यामुळं कुणीही चांगला ऑफिसर ‘नाही’ हा शब्द हलक्यात बोलत नाही.

निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये हे काम करणारा एक पोरगा मला म्हणाला, खोटी डायरी ओळखायला लई अक्कल लागत नाही. चार महिन्यांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, पानाला चहाचा डाग नाही की औषधाचा. पावसाच्या दिवशीही फवारणी लिहिलेली. तो म्हणतो, “नाना, ही डायरी रात्रीतून लिहिलीय,” एवढं बोललं की समोरचा हसतो आणि मग खरं सांगायला लागतो. खरं सांगितलं तर मार्ग निघतो, असं त्याचं म्हणणं. सांगितलंच नाही तर लॅब सांगते.

लॅबचा नमुना कसा घेतात हेही बऱ्याच जणांना नीट माहीत नाही. आपण चार चांगले घड तोडून पाठवले, असं चालत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन वेगवेगळ्या ठिकाणचे घड घेतो, पिशवीला सील लावतो. रिपोर्ट सिस्टीमवर चढतो. मर्यादेच्या वर गेला तर तो प्लॉट तिथंच थांबतो, दुसऱ्या निर्यातदाराकडं गेलं तरी तोच निकाल दिसतो. काही दिवस थांबून पुन्हा नमुना देता येतो, आणि तोपर्यंत अंश उतरलेला असू शकतो. पण बागेत माल पिकलेला असताना थांबणं म्हणजे काय, ते ज्याची बाग त्यालाच ठाऊक.

रिपोर्ट चांगला आला की तोडणी. पुढं पॅकहाऊस, ॲगमार्कचं प्रमाणपत्र, रोग-किडीबाबतचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, मग कंटेनर. यातल्या प्रत्येक कागदावर बागेचा नंबर, वजन आणि तारीख जुळली पाहिजे.

पेटीवरून बाग शोधायची

परदेशी ऑडिटर आला की एक खेळ हमखास खेळतो. कोल्ड स्टोरेजमधली कुठलीही एक पेटी उचलतो आणि विचारतो, ही कुठून आली? ऑफिसरनं पेटीवरच्या नंबरावरून प्लॉट, तोडणीचा दिवस, पॅकिंगची पाळी, त्या प्लॉटचा लॅब रिपोर्ट आणि डायरी काढून समोर ठेवायची. तासा-दोन तासात नाही जमलं तर शेरा पडतो.

दुसरी तपासणी वजनाची. ज्या प्लॉटमधून दहा टन माल आला, त्याच्या नावावर बारा टन गेला असेल तर वरचे दोन टन कुठले? हा प्रश्न आपल्या गावात सगळ्यांना कळतो. शेजाऱ्याचा, मेहुण्याचा माल आपल्या नंबरावर घालायचा, ही सवय जुनी आहे. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, पण शेजाऱ्यानं काय मारलं ते आपल्या डायरीत नसतं. माल पकडला गेला तर नाव आपलं जातं.

बऱ्याच निर्यातदारांकडं ‘ग्लोबलगॅप’ प्रमाणपत्र लागतं. युरोपातल्या दुकानदारांनी १९९७ मध्ये ‘युरेपगॅप’ नावानं हे सुरू केलं, २००७ पासून हे नाव झालं. प्रमाणपत्र वर्षभराचं असतं. लहान शेतकऱ्याला एकट्यानं परवडत नाही म्हणून गट करून घेतात. गटातल्या प्रत्येक शेतकऱ्याची तपासणी वर्षातून एकदा गटाच्याच माणसानं करायची आणि बाहेरचा ऑडिटर येऊन त्यातल्या काहींची करतो. किती जणांची? सभासदांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्यांची. शंभर शेतकरी असतील तर दहा, चारशे असतील तर वीस. त्या दहा-वीस जणांकडं जे दिसेल त्यावर सगळा गट तोलला जातो. गटाची व्यवस्थाच ढिली निघाली तर ज्यानं सगळं नीट केलं त्याचंही प्रमाणपत्र थांबतं. डायरीवाला एकाच्या दारात इतका वेळ का बसतो, त्याचं हे कारण.

यात एक नियम मला शहाणपणाचा वाटतो. ज्यानं शेतकऱ्याला सल्ला दिला त्यानंच तपासणी करायची नाही, आणि स्वतःची बाग तर नाहीच नाही. आपल्या सोसायट्यांना लावला पाहिजे हा नियम, पण तो विषय वेगळा.

मजुरांचं काय

पुष्कळ पोरांना वाटतं हे काम औषधापुरतंच. निम्मं काम माणसांचं असतं. छाटणी, विरळणी, डिपिंगला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. त्यात चौदा वर्षांच्या आतलं पोर कामावर दिसलं तर कायदा मोडतोच, शिवाय खरेदीदार एका फोटोवर करार मोडतो. अठराच्या आतल्यांना धोक्याचं काम देता येत नाही. ऑफिसरनं मुकादमाकडून आधारकार्ड बघायचं, मजुरी रोखीनं दिली तरी सही घ्यायची, प्यायचं पाणी, संडास, प्रथमोपचार पेटी आहे का बघायचं. छाटणीनंतर डोळे फुटायला जी पेस्ट लावतात, तिला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही, आणि ती लावायच्या आधी-नंतर दारू घेतली तर माणूस दवाखान्यात जातो, हे मजुरांना त्यांच्या भाषेत सांगायचं. पॅकहाऊसमधल्या बायांना काचेच्या बांगड्या काढायला सांगायचं कामही त्याच्याचकडं. पहिल्या दिवशी कुणी ऐकत नाही. पेटीत काचेचा तुकडा गेला तर काय होतं ते दाखवलं की ऐकतात, आणि मग त्याच नवीन येणारीला सांगतात.

या कामात सगळ्यात अवघड भाग कुठला, तर मालकाला अडवणं. कंटेनर लागलेला आहे, जहाजाची तारीख आहे, खरेदी बघणारा मॅनेजर म्हणतो, “एका प्लॉटचा रिपोर्ट यायचाय, घाल त्यात, कोण बघतंय.” पगार कंपनीचा आणि ‘थांबा’ म्हणायचं कंपनीलाच. ज्या ठिकाणी ऑफिसर खरेदी मॅनेजरच्या हाताखाली असतो, तिथं तो फार काळ ‘थांबा’ म्हणू शकत नाही, असं माझं निरीक्षण. चांगल्या कंपनीत तो थेट मालकाला किंवा संचालक मंडळाला सांगतो. त्यामुळं मुलाखतीला गेलात तर पगाराच्या आधी हे विचारा की मी अडवलेला माल सोडायचा अधिकार कुणाला? उत्तर देताना समोरचा चाचरला तर काय ते समजून घ्या.

पगाराबाबत एवढंच सांगतो की नोकरी हंगामी आहे की बारमाही, पेट्रोल वेगळं देतात का, आणि एका माणसाकडं किती शेतकरी देणार, हे तीन आकडे लिहून घ्या. अडीचशे प्लॉट एकाच्या गळ्यात बांधले तर तपासणी होत नाही, नुसत्या सह्या होतात.

कोण करू शकतं

कृषी पदविका, बी.एस्सी. ॲग्री, फूड टेक्नॉलॉजी, रसायनशास्त्राची पदवी, यांना दार उघडं असतं. ग्लोबलगॅपच्या अंतर्गत तपासणीसाला बारावीनंतरचं शेतीशी संबंधित शिक्षण, कामाचा अनुभव आणि अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. त्यातलं ‘हॅसप’ हे प्रशिक्षण आधी करावं, कारण धोका कुठं शिरतो आणि कुठं अडवायचा, ही विचाराची पद्धत तिथं शिकायला मिळते. एक्सेल आणि इंग्रजी मेल लिहिण्याइतकी तयारी पाहिजे. बाकी ज्याच्या घरी बाग आहे त्या पोराला अर्धं काम अंगवळणी असतं. फक्त कागद लिहायची सवय लावावी लागते. पोरींना यात चांगली संधी आहे आणि पॅकहाऊसमध्ये त्या दिसायलाही लागल्यात. रात्री उशिरापर्यंत लोडिंग चालतं, तेव्हा घरी जायच्या गाडीची सोय कंपनी करते का, हे मात्र घरच्यांनी नाही तर पोरीनं स्वतः विचारावं.

ज्यांच्याकडं द्राक्ष नाही त्यांच्यासाठी याच जातीचं दुसरं काम गावात तयार झालंय. शेतकरी उत्पादक कंपन्या. दहा शेतकरी मिळून कंपनी काढता येते, किमान पाच संचालक लागतात. काढताना उत्साह असतो. पुढं तीन महिन्यांत एक तरी संचालकांची बैठक, दरवर्षी लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा, आणि वार्षिक फॉर्म वेळेत भरणं, हे कुणी बघत नाही. उशिराला दंड दर फॉर्ममागं दर दिवशी शंभर रुपये. दोन फॉर्म एक वर्ष राहिले तर ७३ हजार. सलग तीन वर्षं राहिलं तर त्या कंपनीचा संचालक पाच वर्षं कुठल्याच कंपनीत संचालक होऊ शकत नाही. ज्यांनी शेड मिळेल म्हणून सही केली, त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण संचालक आहोत हेच आठवत नाही. कंपनीची सरासरी वार्षिक उलाढाल सलग तीन वर्षं पाच कोटींच्या वर गेली तर पूर्णवेळ सेक्रेटरी नेमावाच लागतो. तो व्हायला बारावीनंतर ‘सीएसईईटी’ ही प्रवेश परीक्षा, मग एक्झिक्युटिव्ह आणि प्रोफेशनल असे टप्पे असतात. कॉमर्सचीच पोरं लागतात असं नाही. तोवर तारखा सांभाळणारा, सीएच्या ऑफिसात कागद वेळेत पोचवणारा, इतिवृत्त लिहिणारा माणूस प्रत्येक कंपनीला हवा आहे.

निर्यातीचे पॅकहाऊसवाले नवी माणसं बघायला सुरुवात करतात ती गोडी छाटणीच्या आसपास. ज्यांना या कामात जायचंय त्यांनी तोपर्यंत घरच्या औषधाच्या खोलीतल्या बाटल्या बाहेर काढाव्यात, द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीशी एकेक लेबल लावून बघावं आणि कुठली बाटली यादीत नाही, कुठलीची मुदत संपलीय, कशाचं बिल नाही ते वहीत लिहावं. मुलाखतीत जे विचारतात त्यातलं बरंचसं त्या वहीत येतं.